जशी हाय तशी न्या

हमीदा आपा रडणाऱ्या माणसाचा अर्ज लिहीत नसे. "आधी रडून घ्या," म्हणायची, "शाई पसरती." आणि खरंच पेन सोडून बसायची. समोरची बाई पदरात तोंड घालून रडायची आणि आपा सुपारी कातरत राहायची. रडणं थांबलं की म्हणायची, "झालं? मंग आता नाव सांगा. आधी आडनाव."

लोक म्हणायचे, बाई दगडाची हाय. मीबी म्हणालो होतो. आता माझी सुभद्रा जाऊन दीड वर्ष झालं आणि आपा जाऊन सहा महिने. घरात मी आणि कमल, आमची लेक. शिक्षण माझं चौथी, पण आपाबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत न्हाई, म्हणून जमेल तसं लिहून राह्यलो.

भोकरदनला तहसील कचेरीच्या फाटकासमोर एक बंद दुकान हाय. त्याच्या ओट्यावर आपाची जागा. खाली सतरंजी, पुढं पत्र्याची पेटी, पेटीचं झाकण हेच तिचं टेबल. डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. कुबडी भिंतीला टेकवलेली आणि कुबडीच्या दांड्याला नाडीनं पेन बांधलेलं. कुणाला सही करायची असली तर त्यानं वाकून कुबडीपाशी यायचं. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणली, "नेलेलं पेन परत देणारी माणसं असती तर ही एवढी मोठी कचेरी लागली असती का?"

अर्ज आता कंप्युटरवर भरतात. तरी लोक आधी आपाकडं यायचे. सेतूवाला तुम्ही दिलं तेवढं भरतो. काय राहिलं ते सांगत न्हाई. आपा सांगायची. आंधळ्याचं, लुळ्याचं, बहिऱ्याचं, आमच्या कमलसारख्याचं, सगळ्यांचे कागद तिच्या तोंडपाठ. कोणता दाखला कशाच्या आधी काढायचा, निराधारचा पगार कुणाला बसतो आणि कुणाला बसत न्हाई, सगळं. वीस रुपये घ्यायची. गरिबातल्या गरिबाकडून बी घ्यायची. म्हणायची, "फुकट लिहिलेला अर्ज माणूस गाडीत विसरतो."

एकदा भोकरदनला अपंगांना तीनचाकी सायकली वाटायचा कार्यक्रम झाला. मांडव, हार, फोटोवाला, सगळा थाट. आपाला मानाचं बोलावणं. ती गेली आणि स्टेजखालीच उभी राहिली. वरून एक जण माईकमधून बोलावून राह्यला, "या आपा, वर या." आपा खालून ओरडली, "सात पायऱ्या केल्यात तुम्ही. ज्यांना चढता येतं त्यांना सायकल द्यायची का?" मंग सगळे पुढारी खाली उतरले आणि मातीत उभं राहून वाटप केलं. फोटोत आपा न्हाई. ती तोवर ओट्यावर परत जाऊन बसली होती.

आम्ही तिच्याकडं गेलो ते सुभद्राच्या छातीच्या दुखण्यामुळं. डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, जड काम बंद, पायऱ्या बंद. त्या दिवसापासून तिनं एकच धोसरा लावला, आपल्या मागं कमलचं काय? कमल तेव्हा चौतीस वर्षांची. अंगानं बाई, समजुतीनं चार-पाच वर्षांची. थोरला विलास संभाजीनगरला कंपनीत, बायको-लेकरं तिकडंच. मी म्हणायचो, विलास सांभाळीलच की. सुभद्रा म्हणायची, कागद पाहिजे.

केदारखेड्याहून तिघं गेलो. ओट्यापाशी पोचल्याबरोबर मी सांगायला लागलो, माझी मुलगी अशी अशी हाय. आपानं मला हातानं गप केलं आणि कमलकडं पाहिलं.

"तुझं नाव काय गं?"

कमल पेटीकडं पाहत होती. मी म्हणालो, "कमल नाव हाय तिचं."

"तुम्हाला विचारलं का?"

मंग ती थांबली. मागं तीन-चार माणसं खोळंबली होती. एक जण म्हणला, आपा, जल्दी करा, गाडी हाय. तिनं वर बी पाहिलं न्हाई. किती वेळ गेला कोण जाणे. कमलनं कुबडीचं पेन हातात धरलं, सोडलं, परत धरलं आणि मंग म्हणली, "कमी." घरात आम्ही तिला कमीच म्हणतो. आपा म्हणली, "बराबर. मी हमीदा." आणि मंग माझ्याकडं वळली. "हं बापू, रेशन कार्ड काढा."

कार्ड दिलं. तिनं वाचलं, उलटं केलं, परत वाचलं. "हिचं नाव कुठंय?"

"राहिलं चुकून," मी म्हणालो.

"चुकून राहतं तर कुणाचंबी राहतं, बापू. तुमच्या लेकाचं राहिलं न्हाई."

सुभद्रा खाली पाहत होती. आता लपवून काय करायचं? विलासची सोयरीक चालू होती तेव्हा नवीन कार्ड करायचं आल्तं. घरात अशी बहीण हाय हे कळलं की पाव्हणे मागं फिरायचे. दोन ठिकाणचे फिरलेच. तेव्हा मीच नाव टाकू दिलं न्हाई. पाव्हणे आले की कमलला मागच्या खोलीत बसवायचो, कडी लावून. विलासचं लग्न झालं, त्याला लेकरं झाली, पण कमलचं नाव कार्डावर आलं न्हाई. सरकारच्या हिशेबी माझ्या घरात तिघंच माणसं होती.

आपा माझ्यावर रागावली न्हाई. तेच लागलं. नुसतं म्हणली, "तुमच्यासारखे आठवड्याला दोन येतात. आधी पोरीला घरात घ्या. मंग बाकीचं."

नाव चढायला उन्हाळा गेला. आधार, जन्माचा पुरावा, सरपंचाचं पत्र. दर खेपेला आपा एक कागद लिहायची आणि पुढच्या कागदाचं नाव माझ्या तळहातावर लिहून द्यायची, कारण चिठ्ठी मी हरवायचो. मंग जालन्याला अपंगाच्या सर्टिफिकेटसाठी बोर्डापुढं जायची तारीख लागली.

इथं आमची जी चूक झाली ती आमच्यासारखी माणसंच करतील. सुभद्रानं आठ दिवस कमलची तयारी करून घेतली. रोज संध्याकाळी समोर बसवायची. नाव काय? कमल. गाव कोणतं? केदारखेडा. बोटं किती? दहा. नमस्कार कर. पदर नीट घे. येईना तर परत, परत, रात्री जेवताना बी परत. जायच्या दिवशी न्हाऊ घातलं, तेल लावून वेणी घातली, विलासच्या लग्नातली हिरवी साडी नेसवली. पोरगी दाखवायचा कार्यक्रम आमच्या घरी कधी झाला न्हाई. तो त्या दिवशी झाला.

दवाखान्यात आत बसलेल्या डॉक्टरबाईनं विचारलं आणि कमल घडाघडा बोलली. सुभद्रा मागं उभी राहून ओठ हलवत होती. निघताना कमलनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. बाई हसून म्हणली, "छान."

कागद हातात आला, टक्के पंचवीस. आम्हाला वाटलं, पोरगी पास झाली. सुभद्रानं राजूरला गाडी थांबली तेव्हा पेढे घ्यायला लावले. दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आपापुढं उभी राहिली. "आपा, डॉक्टरीण म्हणली छान हाय. पंचवीसच टक्के निघालं."

आपानं कागद वाचला. चष्मा काढला. पेढ्याला हात लावला न्हाई.

"बाई, तुम्ही दवाखान्यात गेल्ता का सोयरीक जमवायला?"

"म्हंजे?"

"चाळीसच्या खाली काहीच बसत न्हाई. पगार न्हाई, पास न्हाई, काहीच न्हाई. डॉक्टरची बिलकुल चूक न्हाई. तुम्ही जे दाखवलं ते तिनं लिहिलं."

सुभद्रा माझी बायको, चाळीस वर्षात तिला कुणाला उलटून बोलताना मी पाहिलं न्हवतं. त्या दिवशी भर रस्त्यावर बोलली. "मंग काय करू? चार लोकांत लेकीला येडी म्हणून उभी करू? तुमाला लेकरू असतं म्हंजे कळलं असतं!"

आपानं चष्मा पुसला, डोळ्याला लावला.

"न्हाई मला लेकरू. पण मी कुणाचं तरी होतेच ना? पाव्हणे आले की माझी माय मला भिंतीशी बसवून पायावर गोधडी टाकायची. उठू नको म्हणायची. तासतास लघवीला बी उठू द्यायची न्हाई, उठलं की पाय दिसतो. मायेनंच करायची, बाई. तुमच्यासारखीच." मंग तिनं कागदाची घडी घातली. "परत तपासणी मागता येती. अर्ज मी लिहिते. पण ह्या खेपेला काही शिकवायचं न्हाई. चांगलं बी न्हाई, वाईट बी न्हाई. जशी हाय तशी न्या."

सुभद्रा पेढे तिथंच ठेवून निघाली. चार दिवस स्वैपाकापुरतं बोलली. पाचव्या दिवशी म्हणली, "चला, भोकरदनला जायचंय."

आपाचा एक रिवाज होता. ज्यांचं लेकरू स्वतःचं सांगू शकत न्हाई, त्यांच्याकडून ती सरकारी कागदाआधी एक बिनसरकारी कागद करून घ्यायची. हे माणूस काय खातं, कशाला भितं, दुखलं तर कसं कळतं. हा कागद कोणत्याच कचेरीत लागत न्हाई. त्याचे वीस रुपये बी ती घेत न्हवती, कारण तो ती लिहितच न्हवती. तिनं कोरे ताव माझ्यापुढं टाकले. "बाई सांगतील, बापू लिहितील."

मी म्हणालो, माझं अक्षर कुत्र्याच्या पायाचं हाय.

"असू द्या. तुमच्या मागं जो वाचील त्याला कळलं पाहिजे की बापानं लिहिलंय."

ओट्याच्या कडेला बसून लिहिलं. सुभद्रा कमलकडं पाहून सांगत होती. भाकर दुधात कुस्करून लागती. भूक लागली तर मागत न्हाई, चुलीपाशी जाऊन बसती. कुत्र्याला भीत न्हाई, बकरीला भिती. पत्र्यावर गारा वाजल्या तर कानावर उशी द्यायची. मंग सुभद्रा हळू आवाजात म्हणली, "लिहा, महिन्याचे दिवस आले की रगत पाहून घाबरती. ओरडायचं न्हाई. कपडा कुठं ठेवलाय ते हाताला धरून दाखवायचं." मी खाली मान घालून लिहिलं. चौतीस वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक न्हवतं.

शेवटचं तिनं सांगितलं, "कुणी अंगाला हात लावला तर ती ओरडत न्हाई. गप होती. दोन दिवस गप राहिली तर समजून घ्या." आपा दुसऱ्याचा अर्ज लिहीत होती, तिनं मान न उचलता म्हणलं, "बापू, त्याच्या खाली रेघ मारा."

दोन ताव भरले. परत तपासणीची तारीख यायच्या आधीच सुभद्रा गेली. सकाळी चहा केला, कमलला दिला, आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी बोर्डाची तारीख होती. मी जाणार न्हवतो. कसला पगार आणि कसलं सर्टिफिकेट. सकाळी फोन वाजला. "बापू, मी जालन्याच्या गाडीत बसलेय. केदारखेड्याला गाडी वीस मिनिटांत येती. फाट्यावर या. पोरीला काही नवं नेसवू नका." फोन ठेवला बी. नवं नेसवायला होतं कोण? वेणी मी घातलेली, ती फाट्यावर जाईपर्यंतच सुटली.

आत तीच बाई होती. तिनं ओळखलं न्हाई. नाव विचारलं तर कमलनं सांगितलं न्हाई. इकडं तिकडं पाहत होती. बाईनं विचारलं, "आई कुठं आहे?"

"पानी आनाया गेली."

"कधी येणार?"

"आता."

आणि दाराकडं पाहत राहिली. बाईनं रंगाचे ठोकळे पुढं ठेवले, चित्रं दाखवली, बोटं मोजायला सांगितली. कमल दाराकडंच पाहत होती. मधेच उठून दारापर्यंत गेली, बाहेर पाहिलं, परत येऊन बसली. बाईनं मंग काही विचारलं न्हाई. लिहीत राहिली.

पंचाहत्तर टक्के. सुभद्रानं जिवंतपणी आठ दिवस घासून जे घालवलं होतं ते मरून मिळवून दिलं. असं लिहू नये, पण मला त्या व्हरांड्यात दुसरं काही सुचलं न्हाई. मी खांबाला धरून उभा होतो. आपानं माझ्याकडं पाहिलं न्हाई. ती कागद डोळ्याजवळ धरून एकेक अक्षर तपासत होती, नाव बराबर हाय का, बापाचं नाव बराबर हाय का, जन्मसाल बराबर हाय का. कमल तिच्या कुबडीला धरून उभी होती.

पगार मंजूर व्हायची वाट मोकळी झाली. पण आपा म्हणली, पगारानं एका माणसाचं किराणा बी पुरं होत न्हाई, त्याच्यावर विसंबू नका. पोरगी अठराच्या वर गेलेली, तिला सही येत न्हाई, म्हणून तिचा कायदेशीर पालक पाहिजे. जिवंत हाय तोवर तुम्ही. पुढं कोण ते आजच ठरवा. आणि दोन एकर कमलच्या नावानं मृत्युपत्रात लिहा, नुसतं तोंडानं सांगून ठेवू नका.

विलासला ते कळलं आणि तो तडक भोकरदनला आला. मी सोबत होतो.

"आपा, तुम्ही आमच्या घरात फूट पाडून राह्यल्या. मी काय बहिणीला रस्त्यावर टाकून देईन?"

"टाकशील असं कोण म्हणलं? बस. तिला भूक लागली की ती काय करती?"

"काय करती म्हंजे? मागती."

आपानं ते दोन ताव त्याच्या हातात दिले. आईच्या तोंडचं, बापाच्या हातचं. तो ओट्याच्या पायरीवर बसून वाचत होता. दुसऱ्या तावाच्या शेवटची, रेघ मारलेली ओळ त्यानं परत वाचली. आपा म्हणली, "सही आज घेत न्हाई. तीन दिवस गावाकडं राहा. बापूंना दुसरीकडं जेवायला पाठव. तू आन ती."

राहिला बिचारा. चौथ्या दिवशी आला तेव्हा आवाज खाली आल्ता.

"आपा, खरं सांगू का? खाऊ घालीन, औषध देईन, पैशाचं पाहीन. पण तिला अंघोळ घालायला मला न्हाई जमत. भाऊ हाय मी. आमच्या हिला विचारलं, ती हो म्हणली, पण मनातून न्हाई."

मला वाटलं आता आपा त्याला सोलून काढील. ती म्हणली, "शाबास. खोटं बोलून सही ठोकणारे लई पाहिले." आणि मला विचारलं, "बापू, आत्ता अंघोळ कोण घालतं?"

शेजारची रुक्मिण. नवरा वारलेला, लेक सासरी. सुभद्रा गेल्यापासून सकाळी यायची, कमलचं सगळं करायची, मी म्हणालो न्हाई तरी यायची.

"मंग झालं की," आपा म्हणली. "विलास पैशाचा पालक. दोन एकराच्या बटईतून रुक्मिणबाईचा महिना द्यायचा, उपकार म्हणून न्हाई, पगार म्हणून. पोरगी तिच्याकडं. ज्याच्या हातात पैसा त्याच्याच हातात माणूस देऊ नये. ती तुझ्यावर नजर ठेवील, तू तिच्यावर ठेव. दोघांना बी राग येऊ द्या. कमलला फायदाच हाय."

विलासनं सही केली. रुक्मिणला बोलावून तिचा अंगठा घेतला. अंगठा देताना रुक्मिण म्हणली, "आपा, मला कागद नको, मी असंच करीन." आपा म्हणली, "असंच करणारी माणसं असंच मरतात, बाई. लाव."

मी एकदा विचारलं होतं, आपा, तुमचं काय? भावाच्या घरात राहता. म्हणली, "त्या घरात एक खोली माझ्या नावावर हाय. ती आधी केली, मंग दुसऱ्यांचं लिहायला बसले." ती त्या खोलीतच गेली, गेल्या थंडीत, छातीत कफ होऊन. मला आठ दिवसांनी कळलं. ओट्यावर आता कोणी बसत न्हाई. कचेरीसमोर माणसं हातात पिशव्या घेऊन उभी असतात.

मी तिला शेवटचं पाहिलं ते दिवाळीनंतर. पालकाचा कागद जालन्याहून आला त्या दिवशी कमलला घेऊन मी भोकरदनला गेलो. ओटा रिकामा. चहावाला म्हणला, आपा स्टँडवर गेलीय, पिंपळगाव रेणुकाईला एक म्हातारा अंथरुणावर हाय, त्याचा अर्ज लिहायला. आम्ही स्टँडवर गेलो. गाडी लागलेली, इंजिन चालू, आणि आपा दाराशी. एसटीची पहिली पायरी किती उंच असती. कुबडी वर टेकवून ती अंग उचलत होती आणि कंडक्टरनं आतून दोनदा घंटी मारली. गाडी हलली. मी पळत जाऊन तिचा दंड धरायला गेलो.

"हात धरू नका, बापू," ती म्हणली. "गाडी थांबवा."

मी कमलला घेऊन गाडीच्या तोंडापुढं जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हर ओरडला, "ओ बाबा, मरायचंय का?" मी म्हणालो, "त्या बाई चढल्या की सरकतो." त्यानं हॉर्न दाबला. कमलनं कान झाकले, पण हलली न्हाई. तिथून दार दिसत न्हवतं. नुसता ड्रायव्हर दिसत होता आणि त्याचं कपाळावर आठ्या घातलेलं तोंड. आम्ही दोघं उभे. मंग परत दोनदा घंटी वाजली.

बाजूला झालो. गाडी पुढून गेली तेव्हा आपा खिडकीत होती, दम लागलेली, पदर सावरत होती. मी कागद वर धरला. "आपा, पालकाचा कागद आला!"

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तीन झेरॉक्स काढा! असल कुणाच्या हातात देऊ नका!"

गाडी वळली. मी कमलला घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो.